टील्क हसला, बायको नाही हसली

या वेळचं पत्र, थोडी काटछाट करून :

"ताई, नमस्कार. मी हिशेब तपासनीस, वय ४७. घरी आणि ऑफिसात माझी ओळख 'एरंडेल प्यायलेला माणूस' अशी आहे. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पंचवीस वर्षं मी विज्ञानकथांच्या मालिका बघतोय, आणि त्यातले माझे आवडते लोकही माझ्यासारखेच : 'स्टार ट्रेक'मधले स्पॉक आणि वर्फ, 'स्टारगेट'मधला टील्क. परवा बायकोला 'स्टारगेट'मधला टील्कचा विनोद मोबाइलवर दाखवला. पाऊण मिनिटाची क्लिप. मी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो. तिनं विचारलं, 'झालं?' मग ट्रिबलांची, म्हणजे 'स्टार ट्रेक'मधल्या भराभर वाढणाऱ्या लोकरीच्या गोळ्यांसारख्या प्राण्यांची, क्लिप दाखवली, मग वर्फची. अशा एकूण अकरा. अकराव्यानंतर ती म्हणाली, 'तू हसतोस हे बघून बरं वाटलं. पण यात विनोद कुठाय? हे लोक नुसते उभे आहेत.'

माझे दोन प्रश्न. तिला नेमकं काय दाखवू? आणि दुसरा : भाचा म्हणतो, 'मामा, आधी तू स्वतः चार विनोद पाठ कर.' करू का? जाता जाता, स्पॉकनं सांगितलेला ट्रिबलांचा सतरा लाखांचा आकडा आठवला की मला अजूनही हसू फुटतं. माझं काही बिघडलंय का?
– एरंडेल"

एरंडेलराव,

अकरा क्लिपा! पहिल्या तिनांना हसला नाही तो माणूस चौथीला हसेल, हा हिशेब तुमच्यासारख्या तपासनिसानं कुठून काढला? पाचवीनंतरही वहिनी तिथंच बसून राहिल्या, त्यावरून तुमचा संसार उत्तम चाललाय असं धरून चालते आणि मुद्द्यावर येते.

वहिनींचं म्हणणं खरं आहे. हे लोक नुसते उभे असतात. स्पॉक हात मागे बांधून, वर्फ छाती पुढे काढून, आणि टील्क तर भिंत बांधून ठेवल्यासारखा. सगळी गंमत त्या उभं राहण्यातच आहे. पण नुसत्या उभं राहण्यावर हसू यायचं, तर बघणाऱ्यानं त्या माणसाला आधी पुष्कळ वेळ उभं पाहिलेलं असावं लागतं. वहिनींनी टील्कला आयुष्यात पाऊण मिनिट पाहिलं. तुम्ही दहा सीझन पाहिलंत.

जरा सावकाश बघू. 'स्टारगेट एसजी-वन' सुरू झाली १९९७ साली. स्टारगेट म्हणजे एका ग्रहावरून दुसऱ्या ग्रहावर नेणारं दार. टील्क हा त्यातला जाफा जमातीचा योद्धा. कपाळावर सोन्याचं चिन्ह, आणि देव म्हणून मिरवणाऱ्या एका जुलमी धन्याची चाकरी सोडून माणसांच्या बाजूला आलेला. पहिले दोन सीझन तो बोलतो काय? 'इंडीड.' त्याचा अर्थ 'हो', 'खरंय', 'मला माहीत होतं' किंवा 'तुम्ही मूर्ख आहात, पण मी तसं म्हणणार नाही' यांपैकी काहीही असू शकतो, प्रसंग बघून आपला आपण लावून घ्यायचा. फार झालं तर एक भुवई वर जाते. चाळीसवर एपिसोड असे गेल्यावर १९९९ साली 'सेथ' नावाचा एपिसोड येतो. त्यात सेतेश या देवाच्या पहारेकऱ्यांचा विषय निघतो, जाफा लोकांमध्ये त्यांच्यावर विनोद आहेत असं कळतं, आणि टील्कच्या तुकडीचा प्रमुख ओ'नील म्हणतो, होऊन जाऊ दे एक.

टील्क सांगतो. एक सर्प पहारेकरी, एक होरसचा पहारेकरी आणि एक सेतेशचा पहारेकरी एका तटस्थ ग्रहावर समोरासमोर येतात, आपापल्या देवाच्या प्राण्याची शिरस्त्राणं घालून. प्रसंग तणावाचा. सर्प पहारेकऱ्याचे डोळे चमकतात. होरसच्या पहारेकऱ्याची चोच लकाकते. सेतेशच्या पहारेकऱ्याचं… नाक गळतं.

आणि टील्क हसतो. मोठ्यानं, मनापासून, एकटाच. बाकीचे त्याच्याकडे नुसते बघत राहतात.

विनोद भिकार आहे. असायलाच हवा, चांगला असता तर प्रसंग बुडाला असता. आपण हसतो ते नाक गळण्यावर नाही. दोन वर्षं ज्याला विनोदबुद्धीच नाही असं आपण धरून चाललो होतो, त्याच्याकडे ती आधीपासूनच होती, हे आपल्याला तिथं कळतं आणि म्हणून हसू येतं. ती होती त्याच्या लोकांमध्ये, त्याच्या भाषेत. या जाफांच्या छावणीत कधीतरी रात्री पहारा संपल्यावर कुणीतरी हा विनोद सांगितला असेल आणि पाच-पन्नास आडदांड माणसं खिदळली असतील. एका नाक गळण्यात त्याचं सगळं मागचं आयुष्य क्षणभर दिसून जातं. आणि ओ'नीलच्या चेहऱ्यावर जे दिसतं तेच आपल्या चेहऱ्यावरही असतं : 'अच्छा, म्हणजे संदर्भ आम्हालाच माहीत नव्हता तर.'

आता परवाची संध्याकाळ आठवा. तुम्ही मोबाइल हातात धरून एकटेच हसताय आणि समोर बसलेली बाई तुमच्याकडे बघतेय. एरंडेलराव, त्या खोलीत टील्क तुम्ही होतात आणि ओ'नील वहिनी. तुम्ही क्लिप दाखवत नव्हता, तो प्रसंग नव्यानं वठवत होता. बाहेरून कुणी पाहिलं असतं तर त्याची हसून पुरेवाट झाली असती.

तर पहिल्या प्रश्नाचं उत्तर : मोबाइल खाली ठेवा. तुमच्याच धंद्यातलं बोलायचं, तर तुम्ही वहिनींना शेवटची शिल्लक दाखवलीत, खातं दाखवलंच नाही. गंभीर माणसाच्या गमतीचे दोन प्रकार असतात. एका प्रकाराला आधीचं खातं लागतं. दुसऱ्याचं खातं त्याच एपिसोडात उघडतं आणि पंचेचाळीस मिनिटांत मिटतं. नव्या माणसाला सुरुवातीला फक्त दुसरा प्रकार दाखवायचा. हे शहाणपण मला ठेच लागून आलंय. एका मैत्रिणीला मी 'स्टार ट्रेक'मधल्या 'अमॉक टाइम'चं फक्त शेवटचं दृश्य दाखवलं होतं. १९६७ सालचा एपिसोड. स्पॉक व्हल्कन, भावना दाबून तर्कानं चालणाऱ्या जमातीतला. आपल्या हातून कप्तान कर्क मेला असं स्पॉकला वाटतंय, तो यानावर परत येऊन स्वतःच्या अटकेची भाषा करतोय, आणि मागून कर्कचाच आवाज येतो. स्पॉक वळतो, 'जिम!' म्हणत त्याला दोन्ही दंडांना धरतो आणि तोंडभर हसतो. मग भान येतं. एका क्षणात चेहऱ्याची इस्त्री परत बसते. नंतर यानावरचा डॉक्टर मॅकॉय डिवचतो तेव्हा तो म्हणतो, स्टारफ्लीटनं एक अत्यंत कार्यक्षम कप्तान गमावला नाही, याचं ते तर्कशुद्ध समाधान होतं. माझ्या अंगावर दर वेळी काटा येतो आणि दर वेळी हसूही येतं. मैत्रीण म्हणाली, 'मित्र जिवंत दिसला म्हणून हसला. मग काय करणार होता?' मी काय बोलणार? तिचं उत्तर मैत्रिणीपेक्षा स्पॉकला जास्त शोभलं असतं.

वहिनींना सुरुवात 'स्टारगेट'चीच करून द्या, पण वेगळ्या एपिसोडची. 'विंडो ऑफ ऑपॉर्च्युनिटी', सन २०००. ओ'नील आणि टील्क काळाच्या फेऱ्यात अडकतात. तेच दहा तास पुन्हा पुन्हा, आणि त्यांच्या तळावर ते फक्त या दोघांनाच आठवतं. टील्कच्या वाट्याला काय येतं? दर फेरीत एक माणूस दार उघडतो आणि ते दार त्याच्या तोंडावर बसतं. पहिल्यांदा आपण हसत नाही. दुसऱ्यांदा ओठ हलतात. पुढं पुढं तर नुसता तो बोळ दिसला तरी हसू यायला लागतं, आणि एका फेरीत टील्क शांतपणे ते दार त्या माणसावरच ढकलतो. चेहऱ्यावरची माशी हलत नाही. बघा, इथं खातं तुमच्या डोळ्यांसमोर भरत जातं. दोन सीझनांचं काम पंधरा मिनिटांत होतं. म्हणून हा एपिसोड पाहुण्यांसाठी.

त्याच एपिसोडात ते दोघं स्टारगेटमधून गोल्फचे चेंडू दुसऱ्या ग्रहावर मारत बसतात. कोट्यवधींचं यंत्र, पृथ्वीचं संरक्षण, आणि हे दोघं तिथं गोल्फ खेळताहेत. ओ'नील अंतर विचारतो. टील्क उत्तर देतो, कित्येक अब्ज मैल. आवाज तोच, शत्रूची फौज किती आहे हे सांगतानाचा. ओ'नीलनं टवाळी करणं आपल्याला नवं नाही, तो पहिल्या एपिसोडापासून करतोय. पण त्याच्या शेजारी टील्क काठी हातात घेऊन गंभीरपणे खेळतोय म्हणून ती टवाळी खरी वाटते. ख्रिस्तोफर जज या नटाला मी त्याबद्दल सलाम करते. त्या सबंध एपिसोडात 'बघा, मी किती मजेशीर करतोय' असं त्यानं एकदाही दाखवलेलं नाही.

दुसरं म्हणाल तर 'द एक्स-फाइल्स'मधला 'बॅड ब्लड', १९९८. लेखक व्हिन्स गिलिगन. स्कली आणि मल्डर हे एफबीआयचे दोन तपास अधिकारी. एकच घटना आधी स्कली सांगते, मग मल्डर सांगतो. स्कलीच्या हकिगतीत शेरीफ देखणा आणि मल्डर आगाऊ. मल्डरच्या हकिगतीत तोच शेरीफ दात पुढे आलेला, स्कली खेकसणारी आणि मल्डर स्वतः गरीब गाय. नवरा-बायकोनं एकत्र बघण्यासारखा याहून चांगला एपिसोड मला माहीत नाही. बघून झाल्यावर परवाच्या अकरा क्लिपांची हकिगत दोघांनी वेगवेगळी सांगून बघा. मला मात्र त्यातली मोठी उडवाउडवी आवडत नाही, मला आवडते ती शवविच्छेदनाची जागा. स्कली थकलेली आहे, रात्र झालीय, ती मृताच्या पोटातलं शेवटचं जेवण रेकॉर्डरवर नोंदवतेय. पिझ्झा. त्यावर काय काय होतं ते एकेक पदार्थाचं नाव घेऊन सांगते. मश्रूमपाशी येते आणि किंचित थांबते. तिला भूक लागलेली असते. पुढच्या दृश्यात ती खोलीवर जाऊन पिझ्झा मागवते. जिलियन अँडरसननं त्या थांबण्यात जे केलंय ते शब्दांत सांगून कळणार नाही, म्हणून फार सांगत नाही.

ट्रिबलांचं काय, असं विचाराल. 'द ट्रबल विथ ट्रिबल्स', २९ डिसेंबर १९६७. अख्खा दाखवा, क्लिप नको. कारण सगळ्यांना आठवतं ते कर्कच्या अंगावर धान्याच्या कोठारातून कोसळणारं ट्रिबलांचं धबाबा दृश्य, आणि ते आहेही झकास. कर्क छातीपर्यंत त्या लोकरीच्या गोळ्यांत बुडालाय, चेहरा कोर्टात उभं असल्यासारखा, आणि वरून एकेक चुकार ट्रिबल टपकन डोक्यावर पडतोय. पलीकडे बसलेली मंडळी, पुरे झाले की नाही हे दिसत नसल्यामुळे, गोळे टाकतच राहिली होती असं सांगतात. शॅटनरनं बिचाऱ्यानं मुकाट झेलले. पण माझं मत विचाराल तर त्या एपिसोडचा कळस तो नाही. तो आधीच येऊन गेलेला असतो, अगदी हळू. स्पॉक एक ट्रिबल हातात घेतो आणि म्हणतो, याच्या गुरगुरण्याचा मानवी मज्जासंस्थेवर शामक परिणाम होतो असं दिसतं, सुदैवानं माझ्यावर तो होत नाही. हे बोलत असताना त्याचा हात ट्रिबलला कुरवाळत असतो. एकदा, दोनदा, पुन्हा. मग त्याच्या लक्षात येतं की सगळे आपल्याकडेच बघताहेत, आणि तो ट्रिबल परत ठेवून देतो. लिओनार्ड निमॉयचा हात बघा, तोंड नव्हे. तोंड शेवटपर्यंत खोटं बोलतं.

ही एक गोष्ट तुम्ही पुढच्या वेळी वहिनींना सांगू शकता, एपिसोड संपल्यावर, आधी नव्हे. आधी सांगितलेलं सगळं फुकट जातं. आणि प्रसंग जवळ आला की तुम्ही पडद्याकडे न बघता वहिनींच्या तोंडाकडे बघता, हो ना? आपण सगळेच ते करतो. करू नका. 'आता बघ हं, आता बघ' असं म्हटलं की समोरच्याला आपली परीक्षा चाललीय असं वाटतं, आणि परीक्षेत कोण हसतं?

आता वर्फ. वर्फबद्दल मला जरा जास्त जागा द्या, कारण गंभीर पात्राचं हसू म्हणजे काय ते मी त्याच्याकडूनच शिकले. वर्फ हा क्लिंगॉन, कपाळावर हाडं असलेल्या लढवय्या जमातीतला. मायकेल डॉर्ननं 'स्टार ट्रेक'च्याच 'नेक्स्ट जनरेशन' या मालिकेचे सात सीझन आणि 'डीप स्पेस नाइन'चे चार, अशी अकरा वर्षं ती कपाळावरची हाडं चिकटवून घेतली. एवढ्या वर्षांत वर्फनं कधी विनोद केला असेल तर तो त्याला स्वतःला माहीत नाही. १९९१ सालच्या 'क्यूपिड' एपिसोडात क्यू नावाचा तो सर्वशक्तिमान उपद्रवी सगळ्यांना रॉबिन हूडच्या गोष्टीत नेऊन टाकतो. वर्फच्या अंगावर लाल झगा. रॉबिन हूडच्या टोळीला इंग्रजीत 'मेरी मेन' म्हणतात, म्हणजे मौजी मंडळी. वर्फ गरजतो, 'कप्तान, माझा निषेध आहे. मी मौजी नाही!' याची तुम्ही क्लिप दाखवलीत ना? आणि त्या पुढचं? यानावरचा सहकारी जॉर्डी झाडाखाली तंतुवाद्य छेडत बसलाय. वर्फ येतो, वाद्य हातातून घेतो, झाडावर आपटून त्याचे तुकडे करतो, ते परत जॉर्डीच्या हातात देतो आणि म्हणतो, 'माफ करा.' पहिल्या वाक्यावर सगळं जग हसतं. माझं मत त्या 'माफ करा'ला. कारण ती माफी खरी आहे. त्याला खरंच वाईट वाटलंय, फक्त दुसरा इलाज नव्हता.

त्याआधी, १९९० साली, 'डेजा क्यू'मध्ये याच क्यूची शक्ती काढून घेतलेली असते. तो वैतागून विचारतो, मी आता माणूस आहे हे तुम्हाला पटवायला मी काय करू? वर्फ म्हणतो, 'मर.' एक शब्द. आपण इतके हसतो की क्यूचा उलट टोला, अलीकडे एखादं चांगलं पुस्तक खाल्लंस का, अर्धवटच ऐकू येतो.

आणि मांजर. 'फँटाझम्स', १९९३. यानावरचा यंत्रमानव डेटा आपली मांजर स्पॉट वर्फकडे सांभाळायला देतो. डेटा यंत्र, वर्फ योद्धा, दोघंही सारख्याच गांभीर्यानं एका मांजरीची देवघेव करताहेत. डेटा सूचना देत जातो. तिला सांगायला हवं की ती सुंदर मांजर आहे, आणि गुणी मांजर आहे. वर्फ डेटाकडे बघतो. 'मी तिला खायला घालीन.' डेटा विचार करतो. 'कदाचित तेवढं पुरेल.' बास, संपलं. दोघांपैकी कुणालाही आपण काही गमतीचं बोललो असं वाटलेलं नाही. वर्फनं तिथं जरा जरी डोळे फिरवले असते तरी तो दुसऱ्या कुठल्याही मालिकेतला विनोद झाला असता. त्याची हद्द त्यानं सांगितली. खायला घालणं कर्तव्यात बसतं, लाडीगोडी बसत नाही.

वर्फचा आणखी एक प्रसंग आहे, पण तो फक्त आपल्यासारख्यांसाठी. जुन्या 'स्टार ट्रेक'मधले क्लिंगॉन साध्या माणसांसारखे दिसायचे, कपाळावर हाडं नव्हती, कारण तेव्हा रंगभूषेला तेवढे पैसे नव्हते. १९९६ साली 'डीप स्पेस नाइन'वाल्यांनी आपली मंडळी थेट त्या जुन्या ट्रिबलांच्या एपिसोडात नेऊन सोडली. तिथले ते गुळगुळीत कपाळाचे क्लिंगॉन बघून सगळे वर्फकडे वळतात. तो म्हणतो, ते क्लिंगॉनच आहेत, आणि ती लांबलचक कहाणी आहे, आणि बाहेरच्यांशी आम्ही त्यावर बोलत नाही. तीस वर्षांची निर्मितीखात्याची अडचण एका अभिमानी माणसाच्या अवघडलेपणानं झाकली. हे वहिनींना दाखवलंत तर त्या पुन्हा 'झालं?' विचारतील, आणि त्यांचं काही चुकणार नाही.

'डॉक्टर हू' या ब्रिटिश मालिकेतला लष्करी अधिकारी, ब्रिगेडियर, मात्र खात्याशिवायही चालतो. १९७१, 'द डीमन्स'. दगडी राक्षस जिवंत होऊन पंख फडफडवत समोर उभा आहे. ब्रिगेडियर जवानाला हुकूम देतो : तो पंखवाला इसम, पाच गोळ्या, जलद. निकोलस कोर्टनीनं ते वाक्य असं टाकलंय, जणू पंखवाले इसम आठवड्यातून दोनदा येतात. त्याच मालिकेतले डालेक आणि सायबरमेन हे दोन यांत्रिक खलगट २००६ साली एकमेकांना शिव्या देतात तेही वहिनींना आवडेल. पन्नास लाख सायबरमेनांपुढे चार डालेक, आणि डालेक म्हणतात, तुम्ही आमच्याहून एकाच बाबतीत सरस आहात, मरण्यात. नळावरची भांडणं याहून काही वेगळी नसतात.

'बॅबिलॉन फाइव्ह' सध्या बाजूला ठेवा. त्यातलं लिफ्टमधलं दृश्य माझं सर्वांत आवडतं आहे, १९९५ सालच्या 'कन्व्हिक्शन्स'मधलं, आणि नवख्या माणसाला ते भयंकर वाटेल. स्फोटानंतर नार्न जमातीचा जी'कार आणि सेंटॉरी जमातीचा लोंडो लिफ्टमध्ये अडकतात. लोंडोच्या लोकांनी जी'कारचा ग्रह बेचिराख केलाय. नियम असा की एका सेंटॉरीला कुणा नार्ननं मारलं तर पाचशे नार्न मारले जातील. म्हणून जी'कार लोंडोला हात लावू शकत नाही. लोंडो जिवाच्या आकांतानं म्हणतो, मिळून प्रयत्न केला तर दोघं वाचू. जी'कार खाली बसतो आणि हसायला लागतो. त्याला काही करावंच लागणार नाहीये! नुसतं बसून राहिलं की लोंडो मरतो, आपणही मरतो, आणि पाचशे जण वाचतात. इतका आनंदी जी'कार आपण तोवर पाहिलेला नसतो. आंद्रेआस कॅट्सुलसच्या त्या हसण्यात द्वेष आहे, दुःख आहे आणि निखळ मजाही आहे, आणि आपण हसतो तेव्हा आपल्याला स्वतःचीच थोडी लाज वाटते. खातं भरायला दोन सीझन लागतात. वहिनी तिथवर पोचल्या तर मला जरूर कळवा.

दुसरा प्रश्न. भाच्याला सांगा, हा प्रयोग झालेला आहे. १९८८ सालच्या 'द आउटरेजस ओकोना' एपिसोडात डेटा विनोद शिकायला जातो. होलोडेकवर, म्हणजे हवी ती खोटी माणसं उभी करणाऱ्या खोलीत, एक विनोदवीर उभा करून त्याच्याकडून धडे घेतो, विनोद पाठ करतो, श्रोते उभे करतो. श्रोते हसतात. डेटाला बरं वाटतं. मग त्याच्या लक्षात येतं की तो काहीही बोलला तरी ते हसताहेत, कारण त्यांना हसण्यासाठीच बनवलंय. एपिसोड म्हणून तो सुमार आहे, पण डेटा हे ओळखतो ती जागा मात्र टोचते. तुम्ही चार विनोद पाठ करून ऑफिसात सांगितलेत तर तुमच्या हाताखालची माणसं हसतील. का हसतील ते तुम्हाला माहीत आहे.

वहिनींना तुम्ही विनोदी व्हायला नकोच आहात. पत्र परत वाचा. 'तू हसतोस हे बघून बरं वाटलं', हे त्यांचं वाक्य तुम्ही स्वतःच्या हातानं लिहिलंत आणि तसेच पुढं गेलात. अकरा क्लिपांमध्ये त्यांना गंभीर माणसाचा एक गमतीचा प्रसंग दिसलाच, तो मोबाइलमध्ये नव्हता एवढंच. इतक्या वर्षांचं खातं आहे त्यांच्याकडे. तुम्ही भर खोलीत नाक गळण्यावर हसून लोळलात, यात त्यांना काय मिळालं असेल याचा अंदाज तुम्हाला अजून आलेला दिसत नाही.

काही करायचंच असेल तर टुव्हॉककडून शिका. 'स्टार ट्रेक'च्याच 'व्हॉयेजर'मध्ये सात वर्षं यानावरचा आचारी नीलिक्स त्याच्या मागे लागलेला असतो : हस, नाच, जरा मोकळा हो. टुव्हॉक स्पॉकसारखाच व्हल्कन, तो का नाचेल? २००१ साली 'होमस्टेड' एपिसोडात नीलिक्स यान सोडून जायला निघतो. निरोपाला सगळे बोळात दोन्ही बाजूंना रांगेनं उभे आहेत. टुव्हॉकही उभा आहे, नेहमीसारखाच. नीलिक्स समोर येतो. टुव्हॉक खाली बघतो आणि पाय हलवतो. थोडासा. एकच पाऊल, जेमतेम ठेका धरल्याइतकं. चेहरा तसाच. नीलिक्सला कळतं, आपल्याला कळतं, आणि हसता हसता घशात काहीतरी अडकतं. टिम रसनं आणखी एक पाऊल टाकलं असतं तर सगळं फिसकटलं असतं.

तुमचंही माप तेवढंच ठेवा. वहिनी 'बॅड ब्लड' बघायला बसल्या, आणि स्कली मश्रूमपाशी थांबली, की एक अक्षर न बोलता उठा आणि पिझ्झा मागवा. चेहरा नेहमीचाच असू द्या, एरंडेलवाला. त्या हसल्या तर का हसताय म्हणून विचारू नका.

– तुमची ताई

ता. क. तुमचं काही बिघडलेलं नाही, पण तपासनिसानं 'सतरा लाखांचा आकडा' असं मोघम लिहावं हे मला खटकलं. आकडा आहे १७,७१,५६१. स्पॉक गृहीतंही देतो : सुरुवात एका ट्रिबलपासून, एका वेळी सरासरी दहा पिल्लं, दर बारा तासांना नवी पिढी, मुदत तीन दिवस. म्हणजे सहा पिढ्या, आणि दर पिढीला मूळ एक अधिक दहा, अकरा पट. अकराला अकरानं गुणत सहा अकरा मांडा. मी कागदावर करून पाहिलं, बरोबर येतं. कोठाराचं आकारमान आणि खाल्लेलं धान्यही हिशेबात धरलंय असं तो पुढं म्हणतो. ती आकडेमोड त्यानं दाखवलेली नाही. तुम्ही ती तपासून कळवावी.